वसईत दोन दिवस, घाई न करता

मुंबई-ठाण्याकडची मित्रमंडळी वसईला जायचं ठरवतात तेव्हा बहुधा रविवारी सकाळी निघतात. नऊ-साडेनवाची लोकल, दहा-साडेदहाला स्टेशन, तिथून रिक्षा करून किल्ला, दुपारी कुठेतरी जेवण, संध्याकाळी समुद्रकिनारा आणि रात्रीपर्यंत घरी. दिवस वाईट जात नाही. पण वसईच्या गावांमध्ये आठवड्यातली सगळ्यात सुंदर वेळ असते ती रविवारी सकाळी सात ते दहाची, आणि त्या वेळी ही मंडळी अजून घरी किंवा गाडीत असतात. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, शनिवारी दुपारी निघा, रात्री तिथेच राहा आणि रविवारची सकाळ चर्चच्या अंगणात घालवा. बाकीचं सगळं त्याभोवती आपोआप बसतं.

गेली बरीच वर्षं आम्ही चार जुने मित्र वर्षातून एकदा तरी असे दोन दिवस वसईत काढतो. चौघांतला एक तिथलाच. त्याचं घर निर्मळ-भुईगावच्या बाजूला, वाडीत. त्याच्या घरी राहूनच मला कळलं की वसई ‘बघायला’ जाणं आणि वसईत दोन दिवस राहणं यात फार फरक आहे. ज्यांचा असा मित्र नाही त्यांनाही हे जमावं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी कुठे उतरायचं ते पाहू. आपण ज्याला सरसकट वसई म्हणतो तो पालघर जिल्ह्यातला मोठा तालुका आहे आणि त्याची गावं तीन-चार स्टेशनांवर वाटलेली आहेत. किल्ला, पापडी, सांडोर या बाजूला जायचं तर वसई रोडला उतरून पश्चिमेला बाहेर पडा. निर्मळ, गास, भुईगाव किंवा सोपाऱ्याचा स्तूप बघायचा असेल तर नालासोपारा जवळ. आगाशी, नंदाखाल, अर्नाळा यांसाठी विरार. ही गावं पश्चिमेला समुद्राच्या अंगाला आहेत आणि पूर्वेच्या इमारतींच्या गर्दीतून आलेल्या माणसाला पहिल्यांदा विश्वास बसत नाही इतकी हिरवी आहेत. दिवा-वसई मार्गावरून येणाऱ्यांना दादरला वळसा घालावा लागत नाही, मात्र त्या गाड्या मोजक्या आहेत, वेळ बघूनच निघा. भाईंदरहून वसईच्या किल्ल्याच्या धक्क्यापर्यंत 2024 पासून रो-रो बोटही सुरू झाली आहे. मोटारसायकल किंवा गाडी घेऊन येणाऱ्यांना ती सोयीची आणि मुलांना भारी आवडणारी. पावसाळ्यात जाणार असाल तर ती चालू आहे का याची आधी चौकशी करा.

राहण्याबद्दल एक स्पष्ट मत सांगतो. किनाऱ्यालगत रिसॉर्टं पुष्कळ आहेत, पोहण्याचे तलाव, मोठ्या आवाजातली गाणी वगैरे. तेच हवं असेल तर त्यासाठी वसईला यायची गरज नाही. गावातल्या एखाद्या घरगुती निवासात, वाडीत, खोली मिळते का बघा. थोडी विचारपूस करावी लागेल, पण सकाळी उठल्यावर खिडकीबाहेर केळीची पानं आणि चाफा दिसला की त्या विचारपुशीचं चीज होतं.

शनिवारची दुपार किल्ल्यासाठी ठेवा. उन्हं कलल्यावर, चारच्या सुमारास. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि इतका विस्तीर्ण आहे की त्याच्यातून गावाचा रस्ता जातो, बस जाते, पुढे कोळ्यांची वस्ती लागते. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं होतं. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ते जिंकलं. ही लढाई आपण शाळेत शिकलेलो असतो. पण आत शिरल्यावर लक्षात येतं की तटाच्या आत शहर होतं, आणि त्या शहरात चर्चेसच चर्चेस होती. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, प्रत्येक संघाचं आपलं चर्च आणि मठ. आज छपरं नाहीत, कमानींतून वड-पिंपळ वाढलेत. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये मात्र पायाखाली बघत चाला. जमिनीत बसवलेल्या दगडांवर पोर्तुगीज अक्षरं आहेत. त्या थडग्यांच्या शिळा आहेत. आमच्यातल्या एकाने पहिल्यांदा त्या ओळखल्या तेव्हा तो चटकन बाजूला झाला होता, आणि मग आम्ही सगळेच भिंतीच्या कडेने चालायला लागलो. संत जोसेफच्या चर्चचा मनोरा उंच आहे. वर जायचा चक्राकार जिना खुला असेल तर एकेकानेच, मोबाइल खिशात ठेवून, भिंतीला हात लावत चढा.

इथेच एक गोष्ट मित्रांना सांगण्यासारखी आहे. वसई जिंकल्यावर मराठ्यांनी इथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांत टांगल्या. भीमाशंकरची मोठी घंटा, वाईजवळ मेणवलीची घंटा, नाशिकची नारोशंकराची घंटा या त्यांपैकीच. यातली एखादी घंटा तुम्ही याआधी पाहिलेली असण्याची बरीच शक्यता आहे. ज्या मनोऱ्यात ती एके काळी वाजत होती, त्याच्यासारख्याच मनोऱ्याखाली आज उभे आहात हे कळलं की किल्ल्याकडे बघण्याची नजर बदलते.

किल्ल्यात नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळही आहे, तिथे नित्य पूजा चालते. आणि जेझुइटांच्या जुन्या चर्चची दर्शनी भिंत बऱ्यापैकी सावरलेली आहे. ते आता संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखलं जातं. गोन्सालो वसईचे. जन्म 1556 च्या सुमाराचा. जपानमध्ये व्यापार केला, मग मनिलात जाऊन फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारले गेले. 1862 मध्ये रोमने त्यांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. गास गावातलं चर्च त्यांच्याच नावाचं आहे. फेब्रुवारीच्या आसपास जाणार असाल तर त्यांच्या सणाची चौकशी जरूर करा.

किल्ल्यातून पुढे पाचूबंदर-किल्लाबंदरला चालत जा. हिवाळ्यात इथे बांबूंवर दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातलेले असतात, जणू कुणी रुपेरी पडदे लावलेत. फोटो काढायचा मोह होतो. आधी तिथे काम करणाऱ्या मावशींना विचारा, आणि सुके बोंबील थोडे विकतही घ्या. कोळीवाडा हे त्यांच्या कामाचं ठिकाण आहे. जाळी विणत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर कॅमेरा धरलेला कुणालाच आवडत नाही.

शनिवारी संध्याकाळी लवकर परता. बऱ्याच चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळीही मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, असते आणि ती रविवारचीच धरली जाते, म्हणून ज्यांना सकाळी उठणं अगदीच शक्य नाही त्यांना ही सोय आहे. मे आणि ऑक्टोबर हे मरियामातेच्या भक्तीचे महिने. त्या दिवसांत संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी, वाडीच्या कोपऱ्यावर असलेल्या क्रुसापाशी शेजारची माणसं रोझरीला जमलेली दिसतील. क्रुसाला झेंडूचा हार, पुढे मेणबत्त्या, मुलं पुढच्या रांगेत, म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या. तुम्ही रस्त्याने जात असाल तर थांबा, पायातली गती आणि गप्पांचा आवाज कमी करा. कुणीतरी सरकून जागा देईल. बसलात तर शेवटी हातावर थोडा खाऊही ठेवतील.

आता रविवार. मिस्सेला जायचं म्हणजे काय करायचं, हा प्रश्न ख्रिस्ती नसलेल्या मित्रांना हमखास पडतो, आणि संकोचापोटी ते बाहेर अंगणातच घुटमळतात. म्हणून जरा तपशिलात सांगतो.

कपडे साधे आणि अंगभर. वसईत रविवारच्या मिस्सेला माणसं नीटनेटकी येतात, इस्त्रीच्या शर्टात, साडीत. अजून क्वचित लाल लुगड्यातली एखादी आजीही दिसते. किनाऱ्यावरची अर्धी विजार आणि टोपी खोलीवर ठेवा. दहा मिनिटं आधी पोचा आणि मागच्या बाकांवर बसा, तिथून इतर काय करतात ते दिसतं. मोबाइल बंद. मिस्सा सुरू असताना फोटो काढायचे नाहीत. वेदीचे, रंगीत काचांचे फोटो हवे असतील तर सगळं संपल्यावर, कुणाला तरी विचारून.

साधारण तासाभराची प्रार्थना असते आणि तुमच्या-माझ्या मराठीत असते. हे अनेकांना ठाऊक नसतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 च्या पुढे, लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागली आणि वसईत ती भाषा स्वाभाविकपणे मराठी ठरली. घरात कुणी कादोडी बोलतं, कुणी वाडवळी, पण वेदीवरून ऐकू येते ती प्रमाण मराठी. आधी प्रवेशगीत, मग क्षमायाचना, मग बायबलमधली वाचनं. शुभवर्तमान वाचताना सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. त्यानंतर फादर प्रवचन देतात, तेव्हा बसायचं. प्रवचन मनापासून ऐका. वसईतल्या काही धर्मगुरूंची मराठी ऐकत राहावी अशी असते. पुढे सगळे गुडघे टेकतात. तुम्हाला ते करायचं नसेल तर शांत बसून राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना झाली की सगळे एकमेकांना शांतीचा नमस्कार करतात. शेजारचा अनोळखी माणूस तुमच्याकडे वळून हात जोडेल, तुम्हीही जोडा. मला स्वतःला संपूर्ण मिस्सेतला हा क्षण सर्वांत जवळचा वाटतो.

मग लोक रांगेने पुढे जाऊन ख्रिस्तप्रसाद घेतात. इथे एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा: बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारी केलेल्या कॅथलिक माणसासाठीच तो असतो. आपल्याकडे देवळात पुजाऱ्याने प्रसाद दिला तर तो नाकारायचा नसतो, त्या सवयीने काही जण रांगेत उभे राहतात. भाव चांगला असतो, पण त्यांच्या दृष्टीने हा येशूच्या शरीराचा संस्कार आहे आणि तो घेण्यामागे फार मोठी श्रद्धा आहे. तुम्ही जागेवर बसून राहायचं. बाकावरून आत-बाहेर जाणाऱ्यांना वाट द्यायची, एवढंच. दानाची थैली फिरते तेव्हा तुमच्या इच्छेप्रमाणे टाका, नाही टाकलंत तरी चालतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या शेजारी एक आजोबा होते. मी गीतपुस्तकात पान शोधतोय हे पाहून त्यांनी आपलं पुस्तक उघडून माझ्या हातात दिलं, बोटाने ओळ दाखवली आणि स्वतः पाठ असलेलं गात राहिले. पुस्तकाची कडा इतकी मऊ झालेली होती की पानं उलटताना आवाजच होत नव्हता. मिस्सा संपल्यावर मी ते परत देऊ लागलो तर म्हणाले, “पुढच्या वेळी याल तेव्हा याच बाकावर या.” मी गेलो. दोनदा भेटले.

मिस्सा संपल्यावर लगेच निघू नका. खरा रविवार अंगणात सुरू होतो. माणसं घोळक्याने उभी असतात, कुणाचं लग्न ठरलंय, कुणाच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलंय, कोणाचा मुलगा कॅनडाला चाललाय, हे सगळं तिथे कळतं. तुम्ही नवखे आहात हे पाहून कुणीतरी विचारेलच, “कुठून आलात?” सांगा. चर्च किती जुनं आहे, आधीचं कसं होतं, हे त्यांना विचारा. इथल्या अनेक चर्चना चारशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो सांगायला लोक उत्सुक असतात. वसईचा धर्मप्रांत मात्र अलीकडचा, 1998 चा. त्याआधी ही सगळी गावं मुंबईच्या महाधर्मप्रांतात होती.

गप्पांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव निघेलच. ते इथल्याच नंदाखालचे. ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षं संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, आणि 2020 मध्ये उस्मानाबादला भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या लढ्यात इथली साधी शेतकरी माणसं रस्त्यावर उतरली होती. त्यांनी तेव्हा वाड्या, विहिरी आणि बावखलं राखण्यासाठी आवाज उठवला, म्हणून आज तुम्हा-आम्हाला या हिरवाईत फिरता येतं. 2024 च्या जुलैमध्ये फादर गेले. सहलीला जाण्यापूर्वी त्यांचं एखादं पुस्तक मित्रांपैकी एकाने जरी वाचलं, तरी वाडीतून चालताना काय बघायचं ते कळेल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं डबकेवजा तळं, ज्यावर पूर्वी रहाट चालत. बरीच बुजवली गेली. शिल्लक असलेलं दिसलं तर त्यात प्लास्टिकची बाटली टाकू नका, एवढी तरी काळजी आपण घेऊ शकतो.

रविवारी दुपारचं जेवण हा इथल्या ख्रिस्ती समाजात कुटुंबाचा सोहळा असतो. कुणाच्या घरी बोलावणं असेल तर एकच्या आत पोचा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. फळं न्या, मिठाई न्या. इंद्याल, फुगे, ताज्या मासळीचं कालवण यांपैकी काहीतरी असेल. शाकाहारी असाल तर ते आदल्या दिवशीच कळवा, जेवायला बसल्यावर सांगून यजमानीणबाईंना अवघडवू नका. उपवासकाळ, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे दिवस, सुरू असेल तर काही घरी मांसाहार बंद असतो. त्या काळात लग्नंही टाळतात आणि वातावरण शांत असतं. बँडबाजा, लग्नाची धामधूम बघायची असेल तर नाताळनंतर किंवा मे महिन्यात जा. नाताळच्या आठवड्यात गावोगावचे गोठे, चांदण्यांचे कंदील बघण्यासारखे असतात, पण रस्ते तुडुंब भरतात. तेव्हा गाडी नेऊ नका.

जेवणानंतर एकच ठिकाण निवडा. निर्मळला गेलात तर तळ्याकाठी शंकराचार्यांची समाधी मानलं गेलेलं मंदिर आहे आणि तिथून जवळच होली क्रॉस चर्च. कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेला हिंदू-ख्रिस्ती दोन्ही समाज गर्दी करतात. सोपाऱ्याला गेलात तर बौद्ध स्तूप आहे, ज्याचं उत्खनन भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये केलं. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही याच सोपाऱ्यात सापडले. अर्नाळ्याला होडीतून किल्ल्यावर जाता येतं, पण ती होडी बेटावरच्या माणसांची रोजची वाहतूक आहे, आधी त्यांना चढू द्या. तिन्ही ठिकाणं एका दुपारी करायचा हट्ट धरला की सगळा वेळ रिक्षात जातो, हे आम्ही एकदा अनुभवलं आहे.

आगाशीच्या बाजूला असाल तर सुकेळी शोधा. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात कित्येक दिवस वाळवतात आणि केळीच्याच सोपटात घट्ट बांधतात. आमच्या मित्राच्या आईने पहिल्यांदा अशी पुडी हातात ठेवली तेव्हा वाटलं चामड्याची वादी आहे. दोरा सोडला, तपकिरी, किंचित चिकट, मधासारखा वास. दाताखाली तोडायला जरा जोर लागतो आणि मग गोडी हळूहळू सुटते. ती बनवणारी घरं आता फार थोडी उरली आहेत, त्यामुळे किमतीत घासाघीस करू नका.

समुद्राबद्दल मात्र कडक शब्दांत सांगायचं आहे. भुईगाव, कळंब, राजोडी, रानगाव हे किनारे फिरायला सुंदर आहेत, पोहायला नाहीत. ओहोटीत पाणी दूर जातं, माणसं पाठोपाठ आत चालत जातात आणि भरती मागून येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर जास्तच. पावसाळ्यात पाण्यात पाऊलही टाकू नका, आणि गटातल्या कुणी दारू घेतली असेल तर त्याला किनाऱ्यावर नेऊच नका. स्थानिक माणसाने “पुढे जाऊ नका” म्हटलं तर ते ऐकायचं, त्यावर वाद घालायचा नाही.

संध्याकाळी साडेपाच-सहाची परतीची गाडी धरा. रात्री विरारकडून सुटणाऱ्या लोकलमध्ये रविवारी बाहेर पडलेली सगळी मुंबई असते.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: मिस्सेच्या वेळा प्रत्येक धर्मग्रामात वेगळ्या असतात आणि सणावाराला बदलतात. शनिवारी गावात पोचल्या पोचल्या, चहाची ऑर्डर देण्याआधी, चर्चच्या फलकावर उद्याची वेळ वाचून या.